मुंबईची सौर वीज आणि सातबाऱ्याबाहेरची माणसं

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनल बसवायचं ठरलं तेव्हा टेप घेऊन मीच वर गेलो होतो. मुलुंडची सात मजली जुनी इमारत, २८ घरं. कागदावर गच्ची चांगली ऐसपैस. प्रत्यक्षात पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, मोबाइल टॉवरचे पाय, आणि पश्चिमेला नव्यानं उभी राहिलेली उंच इमारत. तिची सावली दुपारी तीनलाच आमच्या कठड्यावरून आत उतरते. हे सगळं वजा करता २० किलोवॉटपुरती जागा उरली. म्हणजे वर्षाला २५-२६ हजार युनिट. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे एवढं त्यात भागतं. २८ घरांतले फ्रिज, पंखे आणि मे महिन्यातले एसी भागत नाहीत. सभेत एका काकूंनी विचारलं, "मग उरलेली सौर वीज कुठून येणार?" सेक्रेटरी म्हणाले, "ती येते की बाहेरून."

त्या 'बाहेरून'बद्दल मला लिहायचं आहे. मोठा सौर प्रकल्प उभा राहण्याआधी जागा पाहायची, ऊन, वीज आणि पैसा यांचे आकडे तपासायचे आणि कर्ज देणाऱ्या बँकेला अहवाल द्यायचा, हे माझं काम. १४ वर्षं करतो आहे. सौर वीज हवी, भरपूर हवी आणि लवकर हवी, असं मला मनापासून वाटतं. डहाणू-ट्रॉम्बेच्या चिमण्या आणि चंद्रपूरची राख ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं वाटायचं कारण नाही. म्हणूनच ही वीज ज्या पद्धतीनं आखली जाते, तिच्याबद्दल गप्प बसणं मला आता जमत नाही.

मुंबईची विजेची कमाल मागणी ४,००० मेगावॉटच्या वर गेली आहे. एक किलोवॉट पॅनलला साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते. फक्त १,००० मेगावॉट गच्च्यांवर बसवायचे म्हटले तरी दहाएक चौरस किलोमीटर निव्वळ मोकळी, दिवसभर उन्हातली गच्ची हवी. मुंबईनं आपल्या गच्च्या वापरल्याच पाहिजेत, पण त्यावर हे शहर चालणार नाही. माळ लागणारच. जमिनीवरच्या प्रकल्पाला मेगावॉटमागे चार ते पाच एकर लागतात. १०० मेगावॉटचा, म्हणजे आजच्या मानानं मध्यम आकाराचा प्रकल्प घेतला तर ४०० ते ५०० एकर. दादरचं शिवाजी पार्क डोळ्यांसमोर आणा. तशी १४ ते १८ मैदानं एकाला एक लागून, कडेनं तारेचं कुंपण.

मुंबईला वीज बाहेरून येण्याची ही पहिली वेळ नाही. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरी १९२२ मध्ये, भिरा १९२७ मध्ये. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं आणि मुळशी पेट्यातली आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली जाणार हे कळल्यावर मावळे उठले. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यात. 'जान किंवा जमीन' ही घोषणा शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेली असते. त्या लढ्यातली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. मुळशीच्या पुष्कळ जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या होत्या. कसणारा मावळा कूळ होता, किंवा कर्जापायी जमीन गहाण टाकून बसलेला. सावकारांनी नुकसानभरपाईची बोलणी केली, त्यांना पैसे मिळाले. कसणाऱ्याच्या हाती फार थोडं आलं. गिरण्यांची चाकं फिरली, मुंबईत दिवे लागले, आणि ज्याचं नाव कागदावर नव्हतं तो त्या हिशेबात आलाच नाही.

शंभर वर्षांनी आपण सौर प्रकल्प आखतो तेव्हा हिशेब याच रीतीनं मांडतो. मी स्वतः मांडला आहे.

प्रकल्पाची आखणी कशी होते ते आधी थोडक्यात सांगतो. पहिलं ऊन. उपग्रहावरून घेतलेली बऱ्याच वर्षांची आकडेवारी मिळते, पण मोठ्या प्रकल्पात जागेवर एक यंत्रही बसवतात. काचेच्या घुमटीखाली बसलेलं ते उपकरण मिनिटामिनिटाला ऊन मोजतं, शक्यतो वर्षभर, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, धुकं, धूळ सगळं त्यात येतं. मग बँकेला दोन आकडे लागतात: सरासरी वर्षी किती वीज निघेल, आणि दहापैकी नऊ वर्षं तरी किती निघेलच. कर्ज या दुसऱ्या, कमी आकड्यावर मिळतं. त्यातून उष्णतेची वजावट असते. लोकांना वाटतं जितकं ऊन कडक तितकी वीज जास्त. पॅनलला प्रकाश आवडतो, ताप आवडत नाही. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते, आणि खानदेशात एप्रिलच्या दुपारी काच ६० अंशांवर तापलेली असते. मग धूळ. मग २५ वर्षांत पॅनलची हळूहळू होणारी झीज.

दुसरी वाहिनी. जवळचं उपकेंद्र किती लांब, तिथं आणखी एक जोडणी घ्यायला जागा आहे का, पुढच्या वाहिनीत वीज वाहून नेण्याची ताकद शिल्लक आहे का. मुंबईच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच अवघड, कारण खाडी आणि वस्ती यांच्यामधून शहरात शिरणाऱ्या वाहिन्या मोजक्याच आहेत. १२ ऑक्टोबर २०२० ला भर सकाळी मुंबई अंधारली, लोकल जागच्या जागी थांबल्या, ते बहुतेकांच्या लक्षात असेल. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी त्यानंतर, २०२३ मध्ये पूर्ण झाली.

तिसरं कर्ज, आणि आपल्यासारख्या देशात सगळ्यात जड तेच. कोळशाच्या केंद्राचा खर्च वर्षानुवर्षं कोळशावर होत राहतो. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी. पुढे इंधन फुकट. त्यामुळे ग्राहक युनिटमागे जे पैसे देतो त्यातला मोठा भाग म्हणजे कर्जाचा हप्ता असतो. जर्मनीपेक्षा आपल्याकडे ऊन कितीतरी जास्त, पण व्याजही जास्त. त्यात वीज घेणारी सरकारी कंपनी पैसे वेळेवर देईल का, पुढचं सरकार करार पाळेल का, ही धास्ती. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशानं झालेले सौर करार पुन्हा उघडायला घेतले तेव्हा देशभरातल्या बँकांनी हात आखडता घेतला होता.

या तिन्ही गोष्टींवर आमच्या धंद्यात हुशार माणसं महिनोन् महिने डोकं चालवतात. आणि चौथी गोष्ट, जमीन, तिच्यासाठी अहवालात एक प्रकरण असतं. त्याचा सगळा रोख एकाच प्रश्नावर असतो: जमीन 'क्लिअर' आहे का? वकील ३० वर्षांचा सर्च घेतो. सातबारे, फेरफार, बोजा, वारसनोंदी. कुणी विकलं, कुणाची सही राहिली. कागदावर ज्याचं नाव आहे त्याला तो भेटतो. ज्याचं नाव नाही त्याला भेटायचं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

काही वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातल्या एका माळावर मी असाच गेलो होतो. फेब्रुवारी होता. गवत वाळून पिवळं पडलेलं, कुसळी पायमोज्यात घुसत होती. उपकेंद्र सहा किलोमीटरवर, उतार दक्षिणेकडे, जवळ डोंगर नाही की झाड नाही. अशी जागा बघितली की आमच्यासारख्यांचा जीव हरखतो. मी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता. पॅनलच्या निळ्या रांगा, इन्व्हर्टरच्या खोल्या, सगळ्याभोवती लाल रेघेचं कुंपण. एक म्हातारे ठेलारी बाबा मेंढ्या मागे ठेवून बघायला आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. नकाशा त्यांना समजणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. त्यांनी ओढा ओळखला, मारुतीचं देऊळ ओळखलं, आणि मग बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "साहेब, ह्यात वाट कुठंय?"

"कुठली वाट, बाबा?"

त्यांनी काठीनं मातीत रेघ ओढून दाखवली. पावसाळ्यात मेंढ्या कुठून वर चढतात, दिवाळीनंतर कुठून खाली उतरतात, पाणी कुठं पितात, कुणाच्या शेतात खतासाठी बसतात आणि त्याबदल्यात कुठं ज्वारी मिळते. माझ्या लाल कुंपणाला ती रेघ दोन ठिकाणी छेदत होती. मुंबईला परत आल्यावर मी जुनं टोपोशीट, म्हणजे त्या भागाचा सरकारी तपशीलवार नकाशा, काढून पाहिलं. भारतीय सर्वेक्षण विभागानं ती वाट तुटक रेघेनं दाखवलेली होती. माझ्या आधी कित्येक वर्षं कुणीतरी पायी चालून ती टिपून ठेवली होती. मी उपग्रहाचं चित्र वापरलं होतं. त्यात फक्त पिवळा माळ दिसत होता.

अहवाल तोवर निम्मा लिहून झाला होता. त्यात मी लिहिलं होतं: 'जागा पडीक, निर्मनुष्य, कोणताही वापर नाही.' मुदत तोंडावर आली होती. ते वाक्य मी तसंच ठेवलं आणि खाली सही केली. आज तिथं कुंपण आहे. मेंढ्यांना चार किलोमीटरचा वळसा पडतो आणि ओढ्याचं पाणी कुंपणाच्या आत गेलं.

'पडीक' हा शब्द आपण फार सैल हातानं वापरतो. महसूल दप्तरात जे पिकाखाली नाही ते पडीक, पोटखराबा, गायरान. पण पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचा माळ म्हणजे कुणाचा तरी चारा असतो. तिथं लांडगा असतो, खोकड असतं, चंडोल असतो. सोलापुरात नान्नजच्या माळावर माळढोक होता म्हणून त्या गवताला अभयारण्याचं नाव मिळालं, नाहीतर तोही पडीकच ठरला असता. राजस्थानात माळढोक विजेच्या तारांना धडकून मरू लागला तेव्हा हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायचा आदेश झाला, आणि व्यवहारात ते कठीण आहे म्हणून २०२४ मध्ये तो बदलावा लागला. प्रकल्प, वाहिन्या, कर्ज सगळं उभं राहून गेल्यावर पक्ष्याची मोजदाद सुरू झाली, की असंच होणार.

आपल्या कायद्यातही ही फट आहे. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत सौर प्रकल्प येत नाहीत. सौर वीज स्वच्छ म्हणून ही सूट, आणि धुराच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण त्या मूल्यांकनासोबत येणारी जनसुनावणीही त्यातच गेली. गावात मांडव घालून, माईक लावून, ज्याला बोलायचं आहे त्याला बोलू द्यायची ती एकच संधी असते. तिथं सातबारा दाखवावा लागत नाही. खाजगी जमीन वाटाघाटीनं घेतली तर सामाजिक परिणामांचा अभ्यासही लागत नाही. म्हणजे एखाद्या कोळसा केंद्राला जेवढी माणसं ऐकून घ्यावी लागतात, तेवढीही सौर प्रकल्पाला ऐकावी लागत नाहीत.

सातबाऱ्यावर नाव असलेल्यांचीही कधी काय गत होते ते मुंबईनं पाहिलेलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील मंत्रालयात विष प्यायले आणि काही दिवसांनी जे. जे. रुग्णालयात वारले. वय ८० च्या पुढे. दोंडाईचा इथल्या वीज प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली होती. शेजाऱ्याला जास्त आणि मला कमी का, एवढं विचारत ते कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होते. औष्णिक केंद्रासाठी म्हणून सुरू झालेलं ते संपादन पुढे सौर प्रकल्पाच्या खाती गेलं. ज्या शहरात वीज येते त्याच शहरात येऊन त्या माणसाला जीव द्यावा लागला. मला ती बातमी वाचताना त्या माळावरचे बाबा आठवले. त्यांना तर कचेरीत जायलाही कागद नव्हता.

जमीन विकत घेण्यापेक्षा भाड्यानं घ्यावी, हा धडा आपल्याकडे अलीकडे थोडा गिरवला जातो आहे आणि ते फार चांगलं आहे. कर्नाटकात पावगडला २,०५० मेगावॉटचं सौर उद्यान आहे. पाच गावांतली सुमारे १३,००० एकर जमीन शेतकऱ्यांकडून भाड्यानं घेतली, सुरुवातीला एकरी २१,००० रुपये वर्षाला. दुष्काळी तालुका; जमीनमालकांना त्याचा आधार झाला. आपल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत भाडं हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी ५०,००० रुपये, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. शेती पंपांना दिवसा वीज देणारी ही योजना. तिचे लहान प्रकल्प गावाजवळच्या उपकेंद्राला जोडले जातात. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली महाराष्ट्रातली ही सगळ्यात शहाणी आखणी आहे.

पण पावगडमध्ये आणखी काही घडलं. जमीन भाड्यानं गेली, शेती थांबली, तशी दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांची मजुरी थांबली. भूमिहीन दलित कुटुंबांना ना भाडं, ना काम. बांधकामाची दोन-तीन वर्षं रोजगार, नंतर २,००० मेगावॉटला पहारेकरी आणि काच पुसणारे लागतात तेवढेच. मेंढपाळांचे कळप लांब गेले. मोरोक्कोत वारझाझातच्या नूर प्रकल्पासाठी तिथल्या टोळीची सामायिक चराऊ जमीन अशीच 'निरुपयोगी' ठरवून नाममात्र किमतीला घेतली गेली, आणि तिथंही लोक आज तेच विचारताहेत. मुळशीच्या कुळासारखीच ही माणसं. मालकाचा प्रश्न भाड्यानं सुटला. कसणाऱ्याचा, चारणाऱ्याचा, राबणाऱ्याचा होता तिथंच राहिला.

माझं म्हणणं असं आहे की सूर्य मोजायला आपण वर्ष देतो, तेच वर्ष माणसं मोजायलाही द्यावं. वेगळा वेळ नको. ते काचेचं यंत्र माळावर बसवलं की त्याच दिवशी ग्रामसभेत नोंदवही उघडावी. या जागेवर कोण येतं? कोणत्या महिन्यात, कशासाठी? बटईनं कोण करतं, सालगडी कोण, निंदणीला कोण जातं, शेणी-सरपण कोण नेतं, जनावरं कोणत्या पाणंदीनं जातात? पावसाळ्यातला माळ फेब्रुवारीत कळत नाही. माझी चूक तीच झाली. चारही महिने पाऊस, मग सुगी, मग चारापाण्याची ओढ असं पूर्ण चक्र पाहिल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही. आणि जे सापडेल ते नकाशात उतरलं पाहिजे, परिशिष्टात नको. वाट असेल तर कुंपणाला तिथं खिंड पडली पाहिजे. पाणवठा असेल तर तो कुंपणाबाहेर.

आणि पॅनलखालचं गवत. प्रकल्पवाल्यांना ते डोकेदुखी वाटतं. पावसाळ्यात गुडघ्याच्या वर वाढतं, खालच्या पॅनलवर सावली पाडतं, वाळलं की आगीची भीती. ते कापायला दरसाल ठेका देतात. मेंढ्या आत सोडल्या तर हे काम होतं. ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत पॅनलखाली मेंढ्या चरतात. शेळ्या नकोत, त्या पॅनलवर चढतात आणि केबल चावतात; मेंढी मान खाली घालून चरते. त्यासाठी पॅनलची खालची कड थोडी उचलावी लागते, लोखंड वाढतं, केबल नळीत घालावी लागते. गवत कापायचे पैसे ठेकेदाराला द्यायचे ते ठेलाऱ्यांना द्यावेत. त्यांना चारा मिळेल आणि वर मजुरीही.

आता पैशाचं बोलतो, कारण मला उत्तर तिथूनच मिळतं. 'एवढं सगळं केलं तर वीज महागेल,' असं म्हणतात. गणित साधं आहे. एक मेगावॉटपासून वर्षाला साधारण १८ लाख युनिट धरू. चार ते पाच एकरांचं भाडं, एकरी ५०,००० प्रमाणे, दोन ते अडीच लाख. म्हणजे युनिटमागे ११ ते १४ पैसे. या भाड्याच्या वर आणखी चौथा हिस्सा गावातल्या भूमिहीनांच्या आणि चारणाऱ्यांच्या नावानं ठेवला तर युनिटमागे वाढ होते तीन-साडेतीन पैशांची. मुलुंडच्या माझ्या घराला महिन्याला ३०० युनिट लागतात. ती सगळीच्या सगळी सौर असली तरी बिल वाढेल साधारण दहा रुपयांनी. स्टेशनबाहेर तेवढ्यात वडापावही येत नाही.

मग कंपन्या स्वतःहून का करत नाहीत? कारण त्या करूच शकत नाहीत, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. सौर विजेचा दर उलट्या लिलावात ठरतो. जो सर्वांत कमी दर बोलेल त्याला काम. २०१०-११ मध्ये पहिल्या राष्ट्रीय लिलावांत सर्वांत कमी बोली ११ रुपयांच्या आसपास होती. २०१७ मध्ये राजस्थानात भाडलाला ती दोन रुपये ४४ पैशांवर आली, आणि लगेच मागची बोली होती दोन रुपये ४५ पैसे. एका पैशाचा फरक. अशा शर्यतीत जो प्रामाणिक माणूस वाट सोडेल, पॅनल उचलेल, भूमिहीनांसाठी तीन पैसे धरेल, तो लिलाव हरणार. हे विकासकाच्या भलेपणावर सोडता येत नाही. निविदेतच अट हवी, म्हणजे बोली लावणाऱ्या प्रत्येकाला ते तीन पैसे सारखेच पडतील आणि कुणी कुणाच्या मागे राहणार नाही.

दुसरी हरकत घाईची. तापमान वाढतंय, कोळसा थांबवायचा आहे, सोपस्कारांत वेळ घालवायला नको. ही हरकत मी गंभीरपणे घेतो, कारण माझ्या मुलीचं वय नऊ आहे. पण प्रकल्प कशानं रखडतात हे मी आतून पाहिलं आहे. कर्ज उचललेलं असतं, पॅनलचे कंटेनर न्हावाशेव्यात उतरलेले असतात, आणि गावकरी रस्त्यावर आडवे होतात. एक महिना गेट बंद राहिलं की व्याजाचा आकडा असा फुगतो की ते तीन पैसे त्यापुढं काहीच नाहीत. आधी वर्षभर बसून ऐकलेलं गाव असं आडवं होत नाही. माझ्या अनुभवात तरी झालेलं नाही.

रात्रीच्या विजेबद्दल थोडं. मुंबईची मागणी कचेऱ्यांमुळे दिवसा मोठी असते, त्यामुळे सौर वीज या शहराला बऱ्यापैकी मानवते. पण सात वाजता पंखे, टीव्ही, एसी सुरू असतात आणि सूर्य मावळलेला असतो. बॅटऱ्या स्वस्त होताहेत. दुसरा मार्ग उदंचनाचा: दिवसा सौर विजेनं पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडून वीज काढायची. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे, भिऱ्यालाही १५० मेगावॉटचा संच आहे. भिवपुरी आणि शिरवट्याला मोठे उदंचन प्रकल्प करण्यासाठी २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार झाले आहेत. म्हणजे राजस्थानातला किंवा खानदेशातला दुपारचा सूर्य मावळातल्या सह्याद्रीत साठवून मुंबईत रात्री वापरायचा. कल्पना सुंदर आहे. पण ज्या डोंगरांत शंभर वर्षांपूर्वी कुळांना विचारलं नव्हतं, तिथंच आपण पुन्हा जातो आहोत. या वेळी तरी आधी विचारून जाऊ.

मुंबईकर म्हणून आपल्या हातात काय आहे, हे मला सोसायटीतल्या त्या काकूंनीच विचारलं. विजेचे दर ठरवणारा महाराष्ट्र वीज नियामक आयोग इथंच आहे, कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. वीज कंपन्यांच्या दरांच्या याचिकांवर तो ग्राहकांकडून सूचना आणि हरकती मागवतो. लोक तिथं जातात ते दर कमी करा म्हणायला, आणि ज्यांना बिल जड जातं त्यांनी जावंच. लिलावात ठरलेला सौर दर २००३ च्या वीज कायद्याच्या ६३ व्या कलमाखाली याच आयोगासमोर मंजुरीला येतो. तो दर कोणत्या अटींवर निघाला, हे तिथं विचारता येतं.

पुढच्या खेपेला मी माझी हरकत लेखी देणार आहे. मागण्या तीन आहेत. मुंबईसाठी वीज घेणाऱ्या प्रत्येक सौर निविदेत वर्षभराच्या लोकनोंदीची अट असावी. भाड्याच्या वर चौथा हिस्सा सातबाऱ्यावर नसलेल्यांना मिळावा, आणि त्यासाठी माझ्या बिलात तीन पैसे वाढवावेत. आणि जुन्या टोपोशीटवर असलेली कोणतीही वाट, पाणंद किंवा पाणवठा कुंपणात घेता येऊ नये. सोबत त्या माळाचं टोपोशीट जोडतो आहे. तुटक रेघ जिथं कुंपणाला छेदते त्या दोन जागा मी लाल पेननं दाखवल्या आहेत, आणि शेजारी माझ्या जुन्या अहवालातलं ते सही केलेलं पान.